आउटलुकमध्ये मेल आपोआप फॉरवर्ड होताना वर दोन ओळी कशा जोडायच्या?

प्रश्न:
नमस्कार. मी मशीन दुरुस्तीच्या विभागात आहे. ग्राहकांच्या तक्रारी माझ्या ऑफिसच्या मेलवर येतात. विषयात 'तक्रार क्र.' असलेला मेल माझ्या फोल्डरमध्ये जावा आणि रात्रपाळीच्या इंजिनियरलाही आपोआप फॉरवर्ड व्हावा, असा रूल लावलाय. मेल जातात, पण वर माझी एकही ओळ नसते, जसेच्या तसे.

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाचं मशीन दोन दिवस बंद पडून होतं. इंजिनियरने मेल उघडला होता. "मला वाटलं, नुसता माहितीसाठी असेल," म्हणाला. मला त्याचा राग नाही आला. वर एक ओळही नसेल तर मलासुद्धा तसंच वाटलं असतं. ग्राहक फोनवर आवाज न चढवता बोलला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मला वर एवढंच हवंय: "ही तक्रार तुमच्याकडे आहे. आज रात्री १० च्या आत ग्राहकाला फोन करा आणि मला कळवा." हाताने लिहिते, पण दिवसाला तीसेक मेल येतात आणि मी रजेवर असले की सगळं अडतं. रूलमध्ये टेम्प्लेट वापरून रिप्लाय करायचा पर्याय दिसतो, तो चालेल का?

उत्तर १:
टेम्प्लेटच्या वाटेला जाऊ नका. तो रिप्लाय आहे, मूळ पाठवणाऱ्याकडे जातो. इंजिनियरसाठीची सूचना ग्राहकाला मिळेल! रूलच्या फॉरवर्डमध्ये मजकूर जोडायची सोयच नाही. पूर्वी आम्ही रूलमध्ये 'रन अ स्क्रिप्ट' (स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवायचा पर्याय) लावायचो, पण त्याला आउटलुक उघडं ठेवावं लागायचं. आता सुरक्षेसाठी तो पर्याय मुळातच बंद असतो आणि नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए, म्हणजे ते प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात ती, चालतच नाही.

पॉवर ऑटोमेट (कामं आपोआप करून घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) आहे का तुमच्याकडे? 'व्हेन अ न्यू ईमेल अराइव्ह्स (व्ही३)' हा ट्रिगर (काम कधी सुरू व्हावं ते सांगणारी पायरी) घ्या, सब्जेक्ट फिल्टरमध्ये 'तक्रार क्र.' टाका. पुढे 'फॉरवर्ड अ‍ॅन ईमेल (व्ही२)'. त्यात कॉमेंटचा रकाना आहे, तिथे लिहिलेलं मूळ मेलच्या वर येतं. जुन्या रूलमधलं फॉरवर्ड मात्र काढून टाका, नाहीतर प्रत्येक मेल दोनदा जाईल.

उत्तर २:
इंजिनियर कंपनीच्याच मेलवर आहेत ना? बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बहुतेक ठिकाणी बंद असतं. '५५० ५.७.५२०' असा नकार येतो. आला तर पळवाट शोधू नका, आयटीशी बोला. त्या मेलमध्ये ग्राहकांचे फोन नंबर असतात.

प्रश्नकर्ती:
सगळे कंपनीच्याच पत्त्यावर आहेत. पॉवर ऑटोमेटमध्ये त्या पायऱ्यांचा फ्लो बनवला, पण सकाळपासून एकदाही चालला नाही. चाचणीसाठी स्वतःच तीन मेल पाठवून पाहिले.

उत्तर १:
रूल मेल फोल्डरमध्ये हलवतो म्हणालात ना, तिथेच घोळ आहे. ट्रिगर मुळात इनबॉक्सवर लावलेला असतो, तुम्ही बदलला नसेल. ट्रिगरमध्ये तुमचं तक्रारींचं फोल्डर निवडा.

आणखी एक. फॉरवर्ड मेलला इंजिनियरने रिप्लाय केला तर तो तुमच्याकडे येईल, ग्राहकाकडे नाही. म्हणून कॉमेंटमध्ये डायनॅमिक कंटेंटमधून (आलेल्या मेलमधली माहिती आपोआप भरणारी यादी) 'फ्रॉम' टाका, ग्राहकाचा पत्ता वरच दिसेल.

प्रश्नकर्ती:
फोल्डर बदललं आणि पुढचाच मेल गेला! सूचनाही बदलली. आधी दोन वाक्यं होती, आता पहिल्या ओळीत फक्त "तुमचं काम: आज रात्री १० च्या आत फोन". मोबाइलवर मेल न उघडताही तेवढं दिसतं. त्याखाली ग्राहकाचा पत्ता आणि तक्रार आल्याची वेळ. काल रात्री ९:४० ला इंजिनियरचा रिप्लाय आला, "बोललो, सकाळी पार्ट घेऊन जातोय." मी रजेवर होते. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.