मत मांडताना इंग्रजी अडतं: 'आय हॅव अ डाउट' म्हणाले आणि सगळे गप्प

रामबागवाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, आणि इंग्रजी आलं ते व्याकरणाच्या पुस्तकातून. अकरा वर्षांनी परत नोकरी धरलीय. काम हिशेबाचंच, पण दर मंगळवारी लंडनच्या लोकांशी कॉल असतो. लिहायला काही अडत नाही, ईमेल मी झकास लिहिते. घोडं अडतं ते मत सांगताना.

मागच्या मंगळवारी तिकडच्या बाईंनी नवा तक्ता दाखवला. एक रकाना मला कळला नाही, म्हणून म्हणाले, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिगर्स.' सगळे चिडीचूप. मग त्या बाई दहा मिनिटं आकडे कुठून आले ते सिद्ध करत बसल्या. अहो, मला फक्त विचारायचं होतं!

पुढे एक जण म्हणाला 'आय कॅन गो अलाँग विथ दॅट', दुसरा म्हणाला 'आय वोन्ट बॅक डाउन'. मी आपली मान डोलावली. ॲपवर यादी पाठ करतेय: गेट अप, गेट ऑन, गेट बाय, गेट ओव्हर. तीस होईपर्यंत पहिले दहा उडालेले असतात. आणि 'मला हळूहळू पटलं' हे कसं म्हणायचं? 'आय गॉट कन्व्हिन्स्ड' म्हटलं की मला कुणीतरी गंडवलंय असं वाटतं.

लष्करचे मास्तर

ताई, मी ग्वाल्हेरचा, इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. डाउटचा घोळ तुमच्या एकटीचा नाही. आपल्याकडे वर्गात हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणतात, म्हणजे शंका विचारायचीय. लंडनच्या बाईंना मात्र 'तुमच्या आकड्यांवर माझा भरवसा नाही' असं ऐकू आलं. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, काम झालं. गंमत म्हणजे 'आय डाउट ही विल कम' याचा अर्थ तो बहुतेक येणार नाही, आणि 'आय सस्पेक्ट ही विल कम' म्हणजे बहुतेक येईल. हिंदीत आपण दोन्हीकडे 'शक' लावून मोकळे होतो.

ती यादी फेकून द्या. आता बघा, 'फेकून द्या' यात कोण कुणाला काय देतंय? 'बोललो' आणि 'बोलून बसलो', 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं', यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही. मागून एक क्रियापद जोडलं की आपल्याकडे रंग बदलतो. इंग्रजीत ते काम अप, डाउन, आउट करतात. म्हणून जोडीनं ऐका. बॅक अप म्हणजे पाठीशी उभं राहणं. बॅक डाउन म्हणजे हट्ट सोडून माघार घेणं. बॅक आउट म्हणजे आधी हो म्हणून ऐनवेळी अंग काढून घेणं. लग्नाच्या पंगतीला वाढायला येतो म्हणणारे आपले पुतणे आठवा, हा शब्द विसरणार नाही.

गो अलाँग विथ म्हणजे फार उत्साह नाही, पण विरोधही नाही. 'चला, तसं करू.' आणि तुमच्या 'हळूहळू पटलं'साठी 'आय केम राउंड टू इट' आहे. आधी पटत नव्हतं, हेही त्यातच आलं.

छप्पनवाला

एवढं कशाला? आय अ‍ॅग्री, आय डोन्ट अ‍ॅग्री, बस. फक्त 'आय ॲम अ‍ॅग्री' नको.

लष्करचे मास्तर

भाऊ, घरातल्या मोठ्यांना तुम्ही तोंडावर 'मला मान्य नाही' म्हणता का? 'तुमचं बरोबर आहे, पण' असंच म्हणता ना? 'आय सी युअर पॉइंट, बट' म्हणजे तेच. फक्त पहिल्या अर्ध्यावर खूश होऊ नका, खरं मत 'बट'नंतर येतं.

रात्रपाळी

मी विजयनगरला, अमेरिकेच्या टीमबरोबर काम करतो. ताई, एक शब्द जपून वापरा: टेबल. ब्रिटिश माणूस 'लेट्स टेबल इट' म्हणाला तर विषय चर्चेला घेऊ, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवू. आमच्याकडे दोन्हीकडचे लोक एका कॉलवर होते, अर्धे फाइल उघडून बसले आणि अर्धे निघाले.

दुसरं, 'इट' कुठे बसतं ते बघा. 'ब्रिंग अप' म्हणजे विषय काढणं, पण 'ब्रिंग अप इट' चालत नाही, 'ब्रिंग इट अप' हवं. पण 'गो अलाँग विथ इट' मात्र तुटत नाही. आणि 'ब्रिंग इट अप' बोलताना जोर 'अप'वर येतो. मला त्यांचं बोलणं कळायला लागलं ते हा जोर पकडल्यावर.

रामबागवाली

मास्तर, 'केम राउंड'चा सराव घरात मोठ्यानं केला, तर सासूबाई म्हणाल्या, कोण राउंड मारतंय?

आजच्या कॉलवर 'कुड आय ब्रिंग समथिंग अप?' म्हणाले. 'अप'वर जरा जास्तच जोर पडला, पण बाई 'प्लीज डू' म्हणाल्या. मग 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणून तोच रकाना विचारला. तो व्हॅटचा निघाला, आपल्या जीएसटीसारखा. बाईंनी समजावता समजावता बेरीज परत लावली आणि थांबल्या. आकडा खरंच चुकलेला होता.

म्हणजे मागच्या मंगळवारचा माझा डाउट त्यांच्या इंग्रजीतही बरोबरच होता की!