मदत हवी आहे : स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं मोफत रिमोट डेस्कटॉप कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. चोपडा, यावल, रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांचे आणि जिनिंगवाल्यांचे टॅलीचे कॉम्प्युटर मी जळगावहून सांभाळतो, म्हणजे त्यांची स्क्रीन इथे बघून दुरूनच चालवतो. सर्व्हर स्वतःचाच हवा आहे. लोकांचे हिशोब तिऱ्हाईताच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही.

रस्टडेस्क, मेशसेंट्रल आणि ग्वाकामोली अशी तीन सॉफ्टवेअर पाहिली. रस्टडेस्क हलकं वाटतं. दोन मशीन थेट जोडल्या गेल्या तर स्क्रीनचा डेटा सर्व्हरवरून जातच नाही, नाहीतर रिलेमार्गे, म्हणजे आपल्या सर्व्हरवरून, जातो. त्यासाठी सर्व्हरवर २१११५ ते २१११७ पोर्ट (नेटवरून आत यायची क्रमांकित दारं) उघडावे लागतात, २१११६ तर यूडीपी प्रकारच्या डेटासाठीही. पण सगळ्या मशीनची सामायिक यादी सशुल्क प्रो सर्व्हरमध्येच मिळते. मेशसेंट्रलमध्ये यादी, ग्रुप सगळं मोफत, आणि ब्राउझरमधूनच काम होतं. ग्वाकामोलीचा नाद सोडला. तिथे सर्व्हरला समोरच्या मशीनपर्यंत पोचावं लागतं आणि खेड्यात बहुतेकांचं मोबाइलचं नेट, पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा पत्ता) कुठून आणणार?

ज्यांनी रस्टडेस्क आणि मेशसेंट्रल दोन्ही वापरलंत त्यांनी कृपया सांगा, नेट मंद असताना टॅलीत नोंदी करताना कशात कमी अडकतं? वीज जाऊन आल्यावर, कुणी लॉगिन करण्याआधीच मशीन हाती लागते का? आणि १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) मेशसेंट्रल नीट चालेल का? सीझन तोंडावर आलाय, लवकर ठरवायचंय.