मदत हवी आहे : गरीब वस्तीतील सरकारी शाळांची तुलना कशी करावी?

सप्रेम नमस्कार. गोव्यातील झुआरीनगर भागातील काही सरकारी प्राथमिक शाळांच्या शैक्षणिक प्रगतीची तुलना पालक-शिक्षक संघासाठी करायची आहे. या वस्तीत मजुरीसाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कित्येक मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलली जाते आणि ती मराठी माध्यमातून शिकतात. काम संपले की कुटुंब गावी परतते आणि हजेरीपटावरचे नाव वर्षाच्या मध्येच कमी होते.

अडचण आकडेवारीची आहे. यूडायस प्लस या शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर पटसंख्या, शिक्षक आणि सुविधा कळतात, पण मुलाला वाचता येते की नाही हे कळत नाही. 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे निष्कर्ष जिल्ह्यापर्यंतच मिळतात, शाळेपर्यंत नाहीत. शिवाय चौथीच्या वर्गात दहाच मुले असतील, तर एका मुलाच्या निकालाने उत्तीर्णांचे प्रमाण दहा टक्केबिंदूंनी हलते, त्यामुळे एका वर्षाच्या निकालावरून शाळेला चांगली किंवा वाईट ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून त्याच मुलाचे वाचन आणि वजाबाकी वर्षारंभी व वर्षाअखेरीस तपासून फरक मोजावा, असे मनात आहे. मात्र मध्येच शाळा सोडलेल्या मुलांना हिशेबात कसे धरावे? त्यांना वगळले, तर सर्वांत गरीब मुलेच गळतात. ज्यांनी असे काम केले आहे, विशेषतः निवृत्त शिक्षक आणि केंद्रप्रमुख, त्यांनी कृपया पद्धत व चाचणीचा नमुना सुचवावा.