व्हिडिओवर पाहून घर घ्यावं का? (कोविडच्या साथीच्या काळातली चर्चा)

साथीमुळे विक्रेते घरात कुणाला येऊ देत नाहीत. आईला दम्याचा त्रास, त्यामुळे मलाही दहा घरं हिंडायची नाहीत. एक घर व्हिडिओवर आवडलंय, पण टोकन द्यायला हात धजत नाही. कुणी असं घर घेतलंय का?

उत्तर १
आम्ही २०२० मध्ये घेतलं. पाठवलेल्या क्लिपवर जाऊ नका, वाइड अँगलमध्ये कोठीसुद्धा हॉल दिसते. लाइव्ह कॉल करा आणि कॅमेरा तुमच्या सांगण्याने फिरवायला लावा. छताचे कोपरे, सिंकखालचं कपाट, खिडक्यांच्या खालची भिंत: ओल तिथेच सापडते. सगळे नळ एकदम सोडायला सांगा. मग खिडकी उघडून दोन मिनिटं गप्प बसायला सांगा, रस्त्याचा आवाज कळतो. (आमचा विक्रेता गप्प बसेचना, तेव्हाच शंका यायला हवी होती.) वास मात्र फोनमधून येत नाही. म्हणून सही करण्याआधी एक फेरी माराच. एकट्याने, मास्क लावून, घर रिकामं असताना. आधी तासभर खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, कड्या पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती असणं महत्त्वाचं.

उत्तर २
करारात मुदतवाढीचं कलम घाला. नोंदणी कार्यालय बंद पडलं किंवा बँकेचा मूल्यांकनवाला आलाच नाही, तर तारीख आपोआप पुढे जावी आणि टोकन बुडू नये. माझं कर्ज त्यातच अडकलं होतं.

प्रश्नकर्ता
नळांचं सुचलंच नव्हतं. उद्याच कॉल लावते.