मदत हवी आहे: देश आणि राजधान्यांच्या टोपणनावांमागच्या गोष्टी

नमस्कार मंडळी, गणपतीत सोसायटीच्या प्रश्नमंजुषेचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. ‘उगवत्या सूर्याचा देश कोणता?’ हे पोरं झोपेतही सांगतात. मला हवी आहे नावांची जन्मकथा. जपानची सापडली. ६०७ साली जपानी दरबाराने चीनच्या सुई घराण्यातल्या सम्राटाला पत्र धाडलं: सूर्य उगवतो तिथल्या स्वर्गपुत्राकडून, सूर्य मावळतो तिथल्या स्वर्गपुत्रास. सम्राट भडकला, हे सांगायला नकोच! भूतानचीही झकास आहे. तिबेटात मठाची जागा ठरवताना ढग गडगडले, तो ड्रॅगनचा आवाज मानून तिथल्या बौद्ध पंथाचं नाव द्रुक (म्हणजे ड्रॅगन) पडलं, आणि पंथ भूतानात रुजल्यावर देशही गडगडत्या ड्रॅगनचा झाला. रोमला ‘शाश्वत नगरी’ म्हणणारा टिबुलस कवी तर इसवी सनापूर्वीचा.

गाडी अडलीय पॅरिसपाशी. ‘प्रकाशनगरी’ हे नाव १६६७पासून रस्त्यांवर लागलेल्या कंदिलांमुळे, की ज्ञानोदयकाळातल्या (एन्लाइटनमेंट) विचारवंतांमुळे? दोन्ही वाचायला मिळतं. उत्तर एकच हवं, नाहीतर पालकांची भांडणं ठरलेली. फ्रेंच येणारं कुणी आहे का इथे? शिवाय आफ्रिकेतलं एखादं नाव सुचवा, पण गोष्टीसकट.