सुवार्ताकार्य हे मंडळीचं पहिलं काम की उरलेल्या पैशातलं?

नगरचा_उपासक:
जय ख्रिस्त सगळ्यांना. चर्चच्या बजेटची मीटिंग झाली, छपराची दुरुस्ती, साऊंड सिस्टीम, नाताळचं जेवण सगळ्याला पैसे निघाले आणि सुवार्ताकार्याला, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश लोकांपर्यंत न्यायच्या कामाला, काय तर जे उरेल ते. मला हे अजिबात पटत नाही. मत्तय २८:१९ मध्ये प्रभूने "जा" म्हटलंय. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला नगरला, पुढे आपलेच मराठी प्रचारक आणि बायबल वुमन (बायकांना वचन सांगणाऱ्या स्त्री-प्रचारक) गावोगाव फिरले म्हणून आपल्या पणज्यांपर्यंत वचन पोचलं. आता आपल्याला मिळालं म्हणून दार लावून घ्यायचं का? जिथे नवा माणूस वर्षानुवर्षं येत नाही ते चर्च नाही, नातेवाईकांचा मेळावा आहे.

संडेस्कूल_टीचर:
दादा, तळमळ कळते पण मी विरोधात आहे. आपल्याच मंडळीतली म्हातारी माणसं महिनोन्महिने घरात पडून असतात, त्यांना प्रभूभोजनाचा संस्कार द्यायला कोणी जात नाही, युवक संघात चार डोकी नाहीत आणि आपण पत्रकं वाटायला दुसऱ्या गावात निघालो. शिवाय आजची हवा बघा. आपण गाडीत बसून परत येतो, त्रास होतो तो त्या गावातल्या दोन ख्रिस्ती घरांना.

कीर्तनप्रेमी:
ताई, भीतीचं मान्य, पण म्हणून गप्प बसणं मान्य नाही. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात एवढंच म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही, आपला विश्वास सांगणं हा आहे. आणि सांगायची रीत आपल्याकडे कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी दाखवलीच की, कीर्तन, अभंग, आपल्या मातीतलं. १९१७ ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती!! आपण मात्र आकडा मोजत बसतो, किती जणांचा बाप्तिस्मा झाला.

केडगावची_लेक:
पुरुषमंडळींनो, पंडिता रमाबाईंचं नाव कोणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या, केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदन आश्रमात त्यांना लिहायला-वाचायला आणि हाताला काम शिकवलं आणि शेवटच्या वर्षांत अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. सेवा एकीकडे आणि सुवार्ता दुसरीकडे असं त्यांच्याकडे नव्हतंच, त्यामुळे हा पहिलं-दुसरं वाद मला चुकीचा वाटतो.

संडेस्कूल_टीचर:
रमाबाईंबद्दल आदर आहेच. पण भुकेल्याला भाकरी देताना धर्म दिला हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो, त्यामुळे मदत अगदी बिनशर्त पाहिजे आणि बिनशर्त दिसलीही पाहिजे.

नगरचा_उपासक:
बिनशर्तच पाहिजे, दुमत नाही. पण कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर ख्रिस्ताचं नाव घ्यायचं की नाही? १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, तेही सौम्यतेने. आमच्या चर्चमध्ये असं उत्तर देता येईल अशी माणसं तयार करायलाच पैसे नाहीत, माझं भांडण तेवढ्यासाठी आहे.

श्रीरामपूर_पास्टोरेट:
मग ट्रेनिंगमध्ये एक विषय घाला. आपल्या जिल्ह्यातली बरीचशी मंडळी दलित समाजातून आलेली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंना, पुढे शीख आणि बौद्धांनाही मिळाला, ख्रिस्ती झालं की तो जातो. म्हणजे पोराची स्कॉलरशिप, नोकरी, निवडणुकीतली राखीव जागा. हा अन्यायच आहे आणि त्याविरुद्ध लढायलाच पाहिजे, पण तोवर बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या घराला हे आधी स्पष्ट सांगायला नको? मी प्रचारकांना विचारलं तर म्हणाले, प्रभू बघून घेईल. फी तर त्या आईबापाला भरायची असते ना. सुवार्ताकार्याला पैसे टाका, माझं मत त्याच बाजूने, फक्त त्या फंडातून अशा घरातल्या पोरांच्या फीची सोय होणार असेल तर.

नगरचा_उपासक:
हे पटलं. पुढच्या मीटिंगला ठराव म्हणून मांडतो, अनुमोदन द्यायला तुम्ही नगरला या.