मदत हवी आहे : विज्ञान शिक्षकांसाठी मॉडेलवरचं सत्र

नमस्कार मंडळी,

माध्यमिकच्या विज्ञान शिक्षकांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचंय. विषय : वर्गात मॉडेल कसं वापरायचं.

अणूची मॉडेलं कोणी कधी मांडली, थॉमसन १९०४, रदरफर्ड १९११, बोर १९१३, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. पण बोरचं मॉडेल हायड्रोजनच्या वर्णपटाला लागू पडतं आणि हेलियमला का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "ते जुनं झालं हो." मॉडेलवरून आधी अंदाज बांधायचा, प्रयोग करून पाहायचा, जुळलं नाही तर मॉडेलच दुरुस्त करायचं, हे वर्गात होतच नाही. मुलांच्या हृदयाच्या मॉडेलला गुण मिळतात ते रंगकामाला!

मागच्या सत्रात तोंड बंद केलेली सिरिंज दिली, आत हवा. दट्ट्या दाबण्याआधीचे आणि नंतरचे कण काढा म्हटलं. बऱ्याच जणांनी नंतरच्या चित्रात कणच लहान काढले, काहींनी सगळे एका टोकाला गोळा केले. चर्चा रंगायला हवी होती, पण "बरोबर चित्र कोणतं ते सांगा, उतरवून घेतो" इथे गाडी अडली.

एखादा साधा प्रयोग सुचवा, जिथे मॉडेल एका पायरीला चालतं आणि पुढच्याच पायरीला अपुरं पडतं. अणुरचना नको, तिथे सगळे पाठांतरावर जातात.

प्रतिसाद १
५० मिली पाण्यात ५० मिली इथेनॉल (स्पिरिटमधलं अल्कोहोल) मिसळा. एकूण भरतं साधारण ९७ मिली. वाटाण्यांच्या फटींत मोहरी शिरते तसं, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. मग लगेच थर्मामीटर बुडवायला सांगा, मिश्रण कोमट झालेलं असतं. वाटाण्यांत मोहरी ओतून काही तापत नाही! आता कणांमधलं आकर्षण मॉडेलमध्ये आणावंच लागतं. मोजपात्र अरुंद घ्या, नाहीतर फरक दिसत नाही. जवळपास ज्योत नको.
"बरोबर चित्र" मागितलंच तर दोन चित्रं फळ्यावर लावा आणि कुठलं चित्र कशाचं उत्तर देतं एवढंच विचारा.

धागाकर्ता
तापमानाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! ७० टक्क्यांचं स्पिरिट चालेल का?

प्रतिसाद १
नको. त्यात आधीच पाणी असतं, घटही कमी आणि तापणंही कमी. ९५ टक्क्यांचं मिळालं तर बघा.